अर्धं आईचं, अर्धं अण्णांचं

माझ्या आईने माझ्या बहिणीचे कान पोटातच कापले, असं आमच्या घरात सगळे मानायचे. आई स्वतःही मानायची, आणि मला संताप येतो तो याचाच. झालं होतं ते एवढंच. रतनच्या वेळी आई गर्भार असताना ग्रहण लागलं. आमच्याकडे गर्भार बाईने ग्रहण पाळायचं म्हणजे एका जागी बसून राहायचं, चिरायचं नाही, कापायचं नाही, विळा-विळीला हात लावायचा नाही. आई तशी बसली होती. पण आमची पिठाची गिरणी होती, आणि त्या दिवशी कुणीतरी परगावाहून दळणाचं पोतं आणून टाकलं. त्या माणसाने घाई लावली, माझे वडील, अण्णा, इंजिनाशी गुंतलेले, त्यांनी आतून आईला हाक मारली. आई उठली, पोत्याच्या तोंडाची सुतळी विळ्याने कापली आणि परत जागेवर जाऊन बसली. नेमकं ते आमच्या गयाआत्याने पाहिलं. पुढे रतन बहिरी निघाली आणि निकाल लागला. ग्रहणात गिरणी चालू कुणी ठेवली, हाक कुणी मारली, हे प्रश्न कुणाच्या डोक्यातही आले नाहीत. सुतळी आईने कापली, बस्स.

आमचं गाव शेवगावपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर. घर आणि गिरणी यांच्यात एकच भिंत. सकाळी अण्णा इंजिनाचा दांडा फिरवायचे, ते दोनचार आचके देऊन धडधडायला लागायचं, आणि मग दिवसभर वरच्या नळीतून कुक् कुक् कुक् असा आवाज. तो पार नदीपलीकडच्या वस्तीला ऐकू जायचा आणि बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर, बायांचा गलका. ताटातली वाटी हलायची, पाण्याच्या घागरीत बारीक लाटा उठायच्या. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून घसा बसला की हातवारे. त्यामुळे आमच्या घरात सगळेच हातांनी बोलायचे. जेवायला या म्हणायचं तर ओठांशी पाच बोटं. अण्णा म्हणजे भुवयांवरचं पीठ झटकायचं. गयाआत्या म्हणजे दोन बोटं तोंडापुढे सारखी वाजवायची. ही खूण रतनने काढली होती, आणि तिच्याएवढं अचूक आमच्यापैकी कुणीच बोलत नसे.

खायला मात्र आमच्यासारखी चंगळ कुणाची नव्हती. एक दळण संपून दुसरं टाकायच्या मधे दगडांत थोडं पीठ अडकून राहतं. ज्वारीनंतर बाजरी आली की त्या सांध्याचं पीठ ना धड ज्वारीचं ना बाजरीचं. गिऱ्हाईक ते घेत नाही. ते एका डब्यात जमा व्हायचं आणि त्याची भाकरी आमच्या ताटात यायची. कधी गव्हाचा वास, कधी हरभऱ्याचा, कधी कुणाच्या तरी घरच्या मेथीदाण्याचा. रोजची चव वेगळी. वर तव्यात भाजून खलबत्त्यात कुटलेल्या मिरच्यांचा ठेचा, आणि शेंगदाण्याचं कच्चं तेल. मी पुढे पुष्कळ ठिकाणी जेवले, पण तशी भाकरी पुन्हा मिळाली नाही. आई ती थापायची तेव्हा तिच्या पाठीमागची भिंत थरथरत असायची, आणि रतन त्या भिंतीला गाल लावून बसलेली असायची.

रतन बहिरी आहे हे कळायला दोन वर्षांच्या वर गेली. दुसऱ्या कुठल्या घरात महिन्या-दोन महिन्यांत लक्षात आलं असतं. आमच्याकडे कोण कुणाला हाक मारून वळवत होतं? खांद्याला हात लावायचा, हातवारे करायचे, पोर हसायची, उलट हातवारे करायची. सगळे म्हणायचे, काय हुशार पोर आहे! मग एक दिवस गिरणीचा पट्टा तुटला. नवा पट्टा नगरहून यायचा होता, तोवर गिरणी बंद. घरात इतकी शांतता की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू यावं. आईने मागून हाक मारली, "रतने!" पोर वळली नाही. पुन्हा मारली. मग तिने पितळेचा तांब्या जमिनीवर आपटला. शेजारची म्हातारी धावत आली, पण रतन पाठमोरी बसून खापराचे तुकडे मांडत राहिली. हे मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा जन्मायची होते. आईने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिचा हात आपोआप तांब्या आपटल्यासारखा खाली गेला.

त्यानंतर मी झाले, मला ऐकू येत होतं. माझ्यानंतर बाळूच्या वेळी आत्याने सगळा बंदोबस्त केला. गिरणीचा आवाज नको म्हणून आईला दुसऱ्या महिन्यातच माहेरी धाडलं. त्या नऊ महिन्यांत ग्रहण नव्हतं, पण आईने खबरदारी म्हणून सुईसुद्धा हातात धरली नाही. बाळू झाला तो बहिराच. आता तरी लोकांनी विचार करावा की नाही? ना गिरणी, ना ग्रहण, ना सुतळी, तरी पोर बहिरं. पण विचार कोण करतो! आत्या म्हणाली, "एकदा दोष शिरला की निघत न्हाई. हिच्या माहेरातच काईतरी हाय." आणि अण्णांनी मान हलवली. माझा खरा राग आत्यापेक्षा त्या मानेवर आहे. आत्या निदान बोलून दाखवायची. अण्णा नुसतं पीठ झटकायचे आणि गिरणीत निघून जायचे. नगरला अशा मुलांची शाळा आहे, रतनला तिथे घाला, असं आईने एकदा हात जोडून म्हटलं होतं. अण्णा म्हणाले, "अजून चार गावात कळायचं ऱ्हायलंय का?" बाळूला गावच्या शाळेत घातलं, तिथे हजेरीला 'हजर' म्हटलं नाही म्हणून तो रोज मार खायचा. मास्तरांना माहीत होतं तो बहिरा आहे. तरी मारायचे.

आता आत्याच्या माहेरबिहेरच्या गप्पा कशा होत्या ते सांगते, म्हणजे कुणालाही चीड येईल. अण्णांनी लग्न केलं ते मामाच्या मुलीशी. आमच्याकडे तो हक्कच समजतात. म्हणजे माझी आजी, अण्णांची आई, आणि माझ्या आईचे वडील ही सख्खी भावंडं. आईचं माहेर म्हणजे अण्णांचं आणि आत्याचं आजोळ. आत्या लहानपणी सुट्टीत तिथेच जाऊन आंबे खायची. त्याच घरात दोष आहे म्हणताना तो आपल्यातही असेल, एवढं साधं तिच्या लक्षात येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमच्याही येत नव्हतं. लग्न झालं की बाईचं माहेर म्हणजे परका मुलूख, मग ते नवऱ्याच्या आजोळचंच घर का असेना.

मी अकरावी-बारावी शेवगावला केली. सायन्स घेतलं म्हणून आत्याने नाक मुरडलं, पण माझ्या मागे ती लहानपणापासून होती. तिच्या मुलासाठी, विलाससाठी, तिने मला धरून ठेवलं होतं. "माझी सून हाय ही," असं ती चारचौघात माझी वेणी हातात घेऊन म्हणायची, जणू बाजारात मेथीची जुडी निवडून ठेवली आहे. विलास वाईट नव्हता. त्याच्याबद्दल मला काहीच वाटत नव्हतं, चांगलं नाही, वाईट नाही. बारावीची परीक्षा झाली की सुपारी फोडायची, असं अण्णा आणि आत्या यांच्यात ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही. आईला तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

जीवशास्त्राचे सर नगरकडचे होते. गोरे, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग लागला तर रुमालाने पुसणारे. शिकवायचे मात्र असे, की मी ते आयुष्यात विसरले नाही, आणि म्हणूनच त्यांना माफही केलेलं नाही. डीएनए शिकवायच्या दिवशी त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी एक शिडी काढली आणि ती पिळून दाखवली. दोन्ही बाजूंचे दांडे साखर आणि फॉस्फेटचे, मधल्या पायऱ्या चार अक्षरांच्या. ए समोर कायम टी, जी समोर कायम सी. दुसरी जोडी बसतच नाही. म्हणून एक बाजू हातात असली की दुसरी न बघता लिहिता येते. मग म्हणाले, उठा, आता तुम्हीच डीएनए. मुलांची एक रांग, मुलींची समोर एक, प्रत्येकाच्या छातीवर अक्षर लिहिलेला कागद टाचलेला. जोडीने हात धरायचे होते, पण शेवगावच्या कॉलेजात मुलामुलींनी हात धरले असते तर दुसऱ्या दिवशी सरांची बदली झाली असती. म्हणून त्यांनी फुटपट्ट्या वाटल्या. एक टोक मुलाच्या हातात, एक मुलीच्या. वर्ग हसून हसून बेजार.

मग सर म्हणाले, पेशीला दोन व्हायचं आहे, पट्ट्या सोडा. दोन रांगा एकमेकींपासून लांब झाल्या. भिंतीशी उभ्या राहिलेल्या बाकीच्या मुलामुलींना त्यांनी हाका मारून आत घेतलं, प्रत्येक जुन्या रांगेसमोर नवी रांग उभी केली, ए समोर टी, जी समोर सी. बघता बघता एका शिडीच्या दोन शिड्या झाल्या, आणि प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी. "पूर्ण नवं काहीच नसतं," सर म्हणाले. "प्रत्येक पेशीत अर्धी शिडी आधीची असते." इतक्यात एका मुलीने ओरडून दाखवलं की एक टी चुकून जी समोर उभा आहे. सर खूश झाले. म्हणाले, "राहू दे, राहू दे! आता पुन्हा सुटा." पुन्हा रांगा सुटल्या, पुन्हा नवे भिडू. खऱ्या जी समोर सी आला. त्या चुकलेल्या टी समोर मात्र नियमाप्रमाणे ए येऊन उभा राहिला. "बघा," सर म्हणाले, "आता ही जोडी कशी दिसते?" जोडी अगदी बरोबर दिसत होती. "पेशीत चुका तपासणारी यंत्रणा असते, बहुतेक चुका पहिल्याच फेरीत पकडल्या जातात. पण एखादी सुटली आणि दुसऱ्या फेरीत तिला जोडीदार मिळाला, की ती चूक आहे हे ओळखायची सोय संपली. मग तिची नक्कल होत राहणार, पिढ्यानपिढ्या, इमानेइतबारे."

मी त्या रांगेत सी होते. फुटपट्टीचं टोक हातात धरून मी जागीच थिजले. मला आमचं घर दिसत होतं. पहिल्यांदा आत्या बोलली ती चूक होती, तेव्हाच कुणीतरी टोकलं असतं तर पुसली गेली असती. अण्णांनी मान हलवली, चुकीला जोडीदार मिळाला. मग शेजारणी बोलल्या, मग गाव बोललं, मग आई स्वतः बोलायला लागली, आणि आता ते खोटं आहे असं म्हणायला जागाच उरली नव्हती.

आजकाल टीव्हीवर जो उठतो तो म्हणतो, हे आमच्या डीएनएमध्येच आहे. पुढारी म्हणतात, क्रिकेटवाले म्हणतात, साबणाच्या जाहिरातीत म्हणतात. मी पुढे आयुष्यभर हाच धडा मुलांना शिकवला, आणि ते ऐकलं की माझ्या हातून रिमोट फेकला जातो. अरे, कशाशी खातात ते ठाऊक तरी आहे का? डीएनए म्हणजे तुमची ऐट, तुमचं घराणं, तुमचा बाणा नव्हे. त्या बिचाऱ्या रेणूला तुमचं आडनाव ठाऊक नसतं. तो समोर असेल त्याची नक्कल करतो, बरोबर असेल तर बरोबर, चूक असेल तर चूक. लाज वाटून घ्यायची किंवा दुसऱ्याच्या माथी मारायची अक्कल त्याला नसते. ती माणसाला असते.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. रतनचं आणि बाळूचं सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "आईवडील नात्यातले का?" मी नातं सांगितलं. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर दोन माणसं काढली. "प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणसाला ऐकू येतं, त्याला पत्ताही नसतो. तुझ्या पणजोबाकडे किंवा पणजीकडे एक बिघडलेली प्रत असणार. ती नक्कल होत होत एका बाजूने तुझ्या आजीमार्फत वडिलांकडे आली, दुसऱ्या बाजूने आजोबांमार्फत आईकडे. दोघांनाही उत्तम ऐकू येतं. पण मुलाच्या वाट्याला दोघांकडूनही बिघडलेलीच आली की झालं. दर खेपेला चारात एकदा ती शक्यता." मी विचारलं, "म्हणजे आईचा दोष नाही?" ते म्हणाले, "दोष कुणाचाच नाही. पण हिशेबच मांडायचा तर अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून." मग मी विलासचं सांगितलं. सर गंभीर झाले. म्हणाले, "तुझ्या आत्याकडेही तीच प्रत असू शकते, तुझ्याकडेही असू शकते. हे लग्न टाळलेलं बरं." मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, सर, तुम्ही घरी येऊन एवढंच अण्णांना सांगा. माझं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. ते येतो म्हणाले.

ते आले. रविवारी, इस्त्रीच्या कपड्यांत. अण्णांनी गिरणी बंद केली, आत्या मुद्दाम आली होती, आईने पोहे केले. मी दाराआड उभी राहिले. सरांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग अण्णांनीच विचारलं, "पोरगी म्हनत हुती, तुमाला कायतरी बोलायचंय. लगनाचं." सरांनी एकदा आत्याकडे पाहिलं. आत्या पदर सावरून सरळ बसली होती. सर म्हणाले, "नाही, विशेष काही नाही. मुलगी हुशार आहे, मार्क चांगले पडतील. बाकी पुस्तकातलं पुस्तकात. घरच्या गोष्टी तुम्ही वडीलधारी मंडळी जाणताच." आत्या म्हणाली, "आता कसं बोललात! न्हाईतर हल्लीची पोरं." आणि सर हसले. मी अजून ते हसू विसरलेले नाही. सायकलीपर्यंत मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, सर, हे काय केलंत? ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "शोभा, मला इथे नोकरी करायची आहे. लोकांच्या सोयरिकी मोडत बसलो तर राहू देतील का? आणि माझं स्वतःचं लग्न मामेबहिणीशीच झालंय, मी कुठल्या तोंडाने सांगू?" गेले. भित्रा माणूस! परीक्षेत त्याच प्रश्नाला त्यांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले असते, आणि तेच उत्तर मी जगायला निघाले तर चहा पिऊन पळाले. ज्ञान असून गप्प बसणारा माणूस मला अडाण्यापेक्षा जास्त चीड आणतो. आत्याला खरोखर माहीत नव्हतं. यांना माहीत होतं.

संध्याकाळी आई चुलीपुढे बसली होती. रतन भिंतीशी, बाळू तिच्या मांडीवर डोकं ठेवून. आईने परातीतून नजर न काढता विचारलं, "सर काय सांगाया आल्ते?"

"काही नाही."

"काई न्हाई कसं? तुजं तोंड बघितलं मी."

मग मी सांगायला बसले. फळा नव्हता, फुटपट्ट्या नव्हत्या. आईला म्हटलं, हात पुढे कर. तिचे पिठाने भरलेले हात होते. रतनला बोलावलं, तिची बोटं आईच्या बोटांत अडकवली. म्हटलं, असं असतं आपल्या आत, दोन पदर एकमेकांत बसलेले. मग दोघींना सोडवलं. आईच्या बोटांत माझी बोटं, रतनच्या बोटांत बाळूची. एका जोडीच्या दोन जोड्या. बाळूला तो खेळ वाटला, तो खिदळायला लागला. मग मी आईचं एक बोट दुमडून धरलं. म्हटलं, हे एक बोट चुकलेलं. माझं बोटही त्याच्याशी जुळवून घ्यायला दुमडावं लागतं. असंच ते पुढे जातं. तुझ्या आजा-आजीपासून आलंय ते. तुझ्याकडे एक आहे, अण्णांकडे एक आहे. एक असून चालतं. रतनच्या वाट्याला दोन्ही आली.

आई बोट दुमडून तशीच बसली. म्हणाली, "म्हंजी अर्धं त्यांच्याकडनं बी आलंय?"

"हो."

"अन् सुतळी?"

"सुतळीचा काही संबंध नाही, आई. तू सुतळी कापलीस त्याच्या किती आधी ते ठरून गेलं होतं. तू नसती कापली तरी रतन अशीच झाली असती."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती रडेल, मला जवळ घेईल, असलं काहीबाही मी मनात रंगवलं होतं. तसं काही झालं नाही. तव्यावरची भाकरी करपून धूर यायला लागला, तरी ती हलली नाही. तिच्या कपाळावरची शीर वर आली होती. शेवटी म्हणाली, "सोळा सोमवार केले. वन्सं म्हनल्या म्हनून पायात चप्पल घातली न्हाई किती वर्सं. लेकराच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटायची." मग तिने करपलेली भाकरी उचलली आणि अशी भिरकावली की ती भिंतीवर जाऊन आदळली. रतन दचकली. तिने खूण केली, काय झालं? आईने हातांनीच उत्तर दिलं: माझी चूक नव्हती. तिने ते दोनदा केलं, कारण पहिल्यांदा रतनला पटलं नाही.

सुपारीच्या दिवशी आत्या, तिचे यजमान आणि त्यांच्या भावकीतले दोघे आले. ओसरीवर जाजम अंथरलं होतं. तबकात सुपारी, हळदीकुंकू, खण. मला साडी नेसवून आत बसवलं होतं, आणि मी ठरवलं होतं की बोलावलं की बाहेर जाऊन नाही म्हणायचं, मग मार बसला तरी चालेल. बाहेर आत्या मोठ्या आवाजात पाहुण्यांना सांगत होती, "पोरगी धडधाकट हाय बरं का. आईचं हिच्यात काई उतरलं न्हाई. एकदा कापलं ते दोगांच्या कानांवर गेलं, ही मधली वाचली. देवाची किरपा."

आई चहाचे कप घेऊन चालली होती. ती ओसरीच्या मधोमध थांबली. कप खाली ठेवले. आणि आमच्या घरच्या सवयीप्रमाणे तोंड आणि हात दोन्ही चालवत बोलायला लागली, त्यामुळे कोपऱ्यात बसलेल्या रतनला आणि बाळूला शब्दन् शब्द कळला.

"वन्सं, माझ्या माहेरात दोष हाय म्हनता. माझं माहेर म्हंजी तुमचं आजोळ न्हवं का? तुमची आई त्याच घरातून आली न्हवं? माझ्याकडं अर्धं हाय तर अर्धं तुमच्या भावाकडं बी हाय. तुमच्याकडं बी आसंल."

आत्या उठूनच उभी राहिली. "नामा, ऐकलंस का? तुजी बायको माझ्या आईला बोलतीय!"

अण्णा म्हणाले, "पारबते, आत जा. पावनं बसल्यात."

आई आत गेली नाही. त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमीच हाक मारली व्हती मला त्या दिवशी. सुतळी काप म्हनून." अण्णांनी मान खाली घातली. ती मान हलवायची त्यांची जुनी सवय त्या दिवशी त्यांच्या कामी आली नाही.

आत्याच्या यजमानांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "वैनी, झालं गेलं सोडा. नात्यात बहिरं लेकरू व्हईल म्हनून भ्याताय का? सगळ्यांनाच काय तसं व्हतं? आनि झालं तर झालं, आमी सांभाळू."

"बहिऱ्या लेकराचं मला भ्याव न्हाई," आई म्हणाली. हातांच्या खुणा अगदी स्पष्ट होत्या. तिने रतनकडे बोट केलं. "हिच्यासारखी आनखी धा झाली तरी मी वाढवीन. माझी रतन कुनापेक्षा कमी न्हाई. मला भ्याव हाय ते तुमच्या तोंडाचं. उंद्या शोभीला बहिरं पोर झालं, की तुमी इचारनार, हिनं काय कापलं? काय खाल्लं? कुठं बगितलं? सतरा-अठरा वर्सं मी ते ऐकलं. लेकराचं तोंड बगून रडायच्या दिवसांत मी ते ऐकलं. माझी पोरगी ऐकनार न्हाई. सुपारी उचला."

आत्या अण्णांकडे बघत होती, अण्णा जाजमाकडे. तेव्हा रतन उठली. तिने तबक दोन्ही हातांनी उचललं, आत्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्या हातात दिलं. आत्याने ते घेतलं, कारण समोरून कुणी तबक दिलं की घ्यायची सवय असते. मग ती घेतलं म्हणून चिडली, आणि पायऱ्या उतरून गेली.

पाहुणे गाडीत बसले. रस्त्यापर्यंत त्यांना पोचवायला जायची आमच्याकडे रीत आहे, आणि अण्णा ती कधी चुकवत नसत. त्या दिवशी ते गेले नाहीत, ओसरीवरच बसून राहिले. आईच्या बाजूने त्यांनी जन्मात केलेलं काम म्हणाल तर तेवढंच. आई ते पुढे कौतुकाने सांगायची. मला ते तेव्हा पुरेसं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.